वाचकांचे प्रश्न : कार्लोस डेल्गाडोची बाजू

गेल्या अंकात आम्ही एक छोटी टिपणी छापली होती. अमेरिकेतील बेसबॉल हॉल ऑफ फेमसाठी (थोर खेळाडूंच्या सन्मानदालनासाठी) ७ डिसेंबर २०२५ रोजी झालेल्या मतदानात सोळा सदस्यांच्या समितीने जेफ केंट याला १४ मते देऊन निवडले आणि कार्लोस डेल्गाडो मात्र ९ मतांवर थांबला. निवडीसाठी १२ मते लागतात, एवढाच तिचा मजकूर होता. क्रिकेटच्या आपल्या मुलखात या टिपणीकडे कोणाचे लक्ष जाईल असे वाटले नव्हते, परंतु शालेय स्पर्धांमुळे सॉफ्टबॉल आणि बेसबॉल आता मराठवाड्यातील बऱ्याच मैदानांवर पोहोचले असल्याने असेल, या एका नावाविषयी इतकी पत्रे आली की या महिन्याचे सदर त्यालाच द्यावे लागले. पत्रांतील प्रश्न संक्षेपाने देत आहोत.

प्रश्न : डेल्गाडो हे नाव आम्ही प्रथमच वाचले. तो नेमका कोण, आणि त्याच्या कारकिर्दीत असे काय आहे?
— एक वाचक, परभणी

उत्तर : कार्लोस डेल्गाडोचा जन्म २५ जून १९७२ रोजी पोर्तो रिको बेटावरील आग्वादिया या गावी झाला. तो सोळा वर्षांचा असताना, १९८८ मध्ये, कॅनडातील टोरंटो ब्लू जेज या संघाने त्याच्याशी करार केला. त्या वेळी तो कॅचर होता, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा फलंदाजाच्या मागे बसणारा; पुढे काही काळ त्याला लेफ्ट फील्डमध्ये उभे केले गेले आणि शेवटी तो फर्स्ट बेसवर, म्हणजे धावणाऱ्याच्या पहिल्या थांब्यावरचा क्षेत्ररक्षक म्हणून, स्थिरावला. मेजर लीगमधील, म्हणजे तिकडच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतील, त्याचा पहिला सामना १ ऑक्टोबर १९९३ रोजीचा, म्हणजे किल्लारीच्या भूकंपानंतरच्या दुसऱ्या दिवसाचा, तेव्हा आपल्या भागातील वाचकांना ही तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागणार नाही. त्याच महिन्यात टोरंटोने सलग दुसऱ्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढत, जिंकली. असा विजेता संघ लाभलेल्या या तरुणाला त्या संघाकडून पुढच्या अकरा हंगामांत बाद फेरीचा एकही सामना खेळायला मिळाला नाही, आणि त्याची कीर्ती मर्यादित राहण्याचे पहिले कारण आमच्या मते हेच आहे.

१९९६ पासून तो संघात नियमित झाला. १९९७ ते २००६ या सलग दहा हंगामांत त्याने प्रत्येक वेळी तीस किंवा त्याहून अधिक होमरन मारले. होमरन म्हणजे चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे टोलवणे, हे सॉफ्टबॉल पाहिलेल्यांना सांगायला नको. परंतु ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येणारा चेंडू गोल बॅटने टोलवत दहा वर्षे हा आकडा खाली येऊ न देणे हे फार थोड्यांना साधले आहे. २००० च्या हंगामात तो १६२ पैकी १६२ सामने खेळला, त्याची सरासरी .३४४ होती, त्याने ४१ होमरन आणि ५७ डबल (दोन बेसचे फटके) मारले आणि १३७ धावा घडवून आणल्या, म्हणजे त्याच्या फलंदाजीवर तो स्वतः किंवा सहकारी धाव पूर्ण करून आले. लीगमधील सर्वोत्तम फलंदाजाला मिळणारा हँक आरन पुरस्कार त्या वर्षी मेजर लीगच्या दोन शाखांपैकी अमेरिकन लीगमध्ये त्यालाच मिळाला. २००३ मध्ये त्याने ४२ होमरन मारून १४५ धावा घडवल्या. त्याच हंगामात, २५ सप्टेंबरच्या रात्री, अंगात बरे नसताना तो टॅम्पा बे संघाविरुद्ध उतरला. त्याला चार वेळा फलंदाजी मिळाली आणि चारही वेळा त्याने चेंडू कुंपणाबाहेर घालवला. त्यांतील पहिला होमरन त्याच्या कारकिर्दीतील तीनशेवा होता. टोरंटोने तो सामना १०-८ असा जिंकला, म्हणजे त्या चारही फटक्यांची संघाला गरज होती. एका सामन्यात चार होमरन मारणारा मेजर लीगच्या इतिहासातील तो पंधरावा फलंदाज ठरला.

२००५ चा हंगाम तो फ्लोरिडा मार्लिन्सकडून खेळला आणि २००६ पासून न्यू यॉर्क मेट्सकडे आला. बाद फेरीचे सामने त्याला खेळायला मिळाले ते त्या एकाच वर्षी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. त्या दहा सामन्यांत त्याची सरासरी .३५१ होती आणि त्याने चार होमरन मारले. तरीही मेट्स सातव्या आणि निर्णायक सामन्यात सेंट लुईसकडून हरले आणि वर्ल्ड सिरीजचे दार त्याच्यासाठी बंदच राहिले. २००८ च्या पहिल्या दोन महिन्यांत तो संपला असे न्यू यॉर्कची वृत्तपत्रे उघडपणे लिहू लागली होती. त्याच वर्षी २७ जूनला त्याने यांकी संघाविरुद्ध एका सामन्यात नऊ धावा घडवल्या आणि हंगामाअखेर ३८ होमरनपर्यंत मजल मारली. २००९ मध्ये खुब्याच्या दुखण्याने शस्त्रक्रिया करावी लागली, त्यानंतरचे पुनरागमनाचे प्रयत्न फसले आणि एप्रिल २०११ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. एकूण हिशेब असा : २,०३५ सामने, २,०३८ हिट, ४८३ डबल, ४७३ होमरन आणि घडवून आणलेल्या १,५१२ धावा.

प्रश्न : क्रिकेटची सरासरी आम्हाला कळते, परंतु बेसबॉलचे आकडे डोक्यावरून जातात. .२८० ही कारकिर्दीची सरासरी असलेला फलंदाज महान कसा? शिवाय त्या काळात सगळेच होमरन मारत होते असे म्हणतात.
— सेवानिवृत्त बँक कर्मचारी, लातूर

उत्तर : आपला प्रश्न दोन वेगळ्या गोष्टींचा आहे. .२८० म्हणजे अधिकृतपणे मोजल्या जाणाऱ्या दर हजार प्रयत्नांत २८० वेळा यशस्वी फटका. ही सरासरी चांगली म्हणावी अशी आहे, थोर नव्हे. मात्र तिच्यात दोन महत्त्वाच्या बाबी येतच नाहीत. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, चार वाईट चेंडू टाकले की फलंदाजाला न मारता फर्स्ट बेस मिळतो. हे वॉक सरासरीत धरले जात नाहीत आणि डेल्गाडोने असे १,१०९ वॉक मिळवले. ते धरले, अंगावर बसलेले चेंडू धरले, की बेसवर पोहोचण्याचे त्याचे प्रमाण .३८३ होते. दुसरे असे की सरासरीत एका बेसचा फटका आणि होमरन यांची किंमत सारखीच धरलेली असते. फटका किती बेसचा होता हे मोजणाऱ्या गणितात, ज्याला स्लगिंग म्हणतात, त्याचा आकडा .५४६ येतो. ज्याच्यामुळे फलंदाज कमी वेळा बाद होतो तो संयम आणि ज्याच्यामुळे धावफलक धावतो ती ताकद, या दोन्ही एकाच माणसात होत्या.

आता काळाचा मुद्दा. १९९० च्या दशकाचा मध्य ते २००० च्या दशकाचा मध्य या वर्षांत होमरन खरोखरच वाढले होते, आणि त्या काळातील ४७३ होमरन १९६० च्या दशकातील ४७३ इतके वजनदार मानता येणार नाहीत. आपल्या लातूरच्या आडतीत ओले सोयाबीन आले की ओल वजा करून वजन धरतात, तशीच रीत बेसबॉलच्या अभ्यासकांनी केली आहे. बेसवर पोहोचण्याचे प्रमाण आणि स्लगिंग एकत्र करायचे, त्या वर्षीची लीगची सरासरी आणि ज्या मैदानावर खेळला त्या मैदानाचा फायदा-तोटा वजा करायचा आणि जे उरते ते अशा निर्देशांकात मांडायचे की सामान्य फलंदाज नेहमी १०० वर राहील. या निर्देशांकात डेल्गाडो १३८ वर आहे. होमरनची सगळी सूज उतरवून झाल्यावरही तो आपल्या काळातील सामान्य फलंदाजापेक्षा ३८ टक्क्यांनी वरचढ ठरतो, असा त्याचा अर्थ. हॉल ऑफ फेममध्ये असलेल्या काही फलंदाजांशी हा आकडा ताडून पाहावा : डेव्हिड ऑर्टिझ १४१, फ्रेड मॅकग्रिफ १३४, ऑर्लँडो सेपेडा १३३, जिम राइस १२८, टोनी पेरेझ १२२, हॅरॉल्ड बेन्स १२१. या सहापैकी पाच जण डेल्गाडोच्या खाली आहेत आणि ऑर्टिझ फक्त तीन गुणांनी वर आहे. ऑर्टिझ २०२२ मध्ये पहिल्याच प्रयत्नात निवडला गेला. त्याच्या वर्ल्ड सिरीजमधील पराक्रमाचे आम्हाला पूर्ण कौतुक आहे, परंतु मतांतील अंतर आणि खेळातील अंतर यांचा काही मेळ बसत नाही.

प्रश्न : इतका चांगला खेळाडू एकाच वर्षात मतपत्रिकेवरून कायमचा कसा काढला जातो? हा नियम समजावून सांगाल का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, उदगीर

उत्तर : निवृत्तीनंतर पाच वर्षांनी खेळाडूचे नाव बेसबॉल लेखकांच्या संघटनेच्या मतपत्रिकेवर येते. ज्या लेखकांचे सदस्यत्व किमान दहा वर्षांचे आहे तेच मत देतात. ७५ टक्के मते मिळाली की निवड होते, न मिळाल्यास नाव जास्तीत जास्त दहा वर्षे राहते. मात्र ५ टक्क्यांपेक्षा कमी मते मिळाली तर ते त्याच वर्षी गळते, आणि पुढे मार्ग उरतो तो सुरुवातीला सांगितलेल्या सोळा जणांच्या समितीचा. डेल्गाडोचे नाव २०१५ च्या मतपत्रिकेवर आले. ५४९ मतपत्रिकांपैकी २१ वर त्याला मत मिळाले, म्हणजे ३.८ टक्के. टिकून राहण्यासाठी २८ मते हवी होती. सात मतांनी त्याची चर्चा सुरू होण्यापूर्वीच संपली.

येथे एक उपनियम लक्षात घ्यावा लागतो, आणि आमच्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच आहे. एका मतदाराला दहापेक्षा अधिक नावे निवडता येत नाहीत. २०१५ च्या यादीत रँडी जॉन्सन, पेद्रो मार्टिनेझ, जॉन स्मोल्ट्झ आणि क्रेग बिजिओ हे चौघे त्याच वर्षी निवडले गेले. त्यांच्या खाली राहिलेल्यांपैकी माइक पियाझा, जेफ बॅगवेल, टिम रेन्स, ली स्मिथ, एडगर मार्टिनेझ, अॅलन ट्रॅमेल, माइक मुसिना, फ्रेड मॅकग्रिफ, लॅरी वॉकर आणि आता जेफ केंट असे आणखी दहा जण पुढे वेगवेगळ्या मार्गांनी निवडले गेले. म्हणजे पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेले चौदा खेळाडू एकाच कागदावर होते, शिवाय बॅरी बाँड्स आणि रॉजर क्लेमेन्स यांच्यासारखी अफाट पण वादग्रस्त नावे वेगळीच. आणि मतदाराच्या हाती खुणा होत्या दहा. डेल्गाडो योग्य आहे असे मनापासून वाटणाऱ्या मतदारालाही त्याच्यासाठी अकरावी खूण करता आली नसती. त्या वर्षी मॅकग्रिफला १२.९ टक्के मते होती. तो गळला नाही, त्याच्याविषयी बोलणे सुरू राहिले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये समितीने त्याला सोळापैकी सोळा मतांनी निवडले. या दोघांच्या फलंदाजीत एवढी तफावत मुळीच नाही.

प्रश्न : त्या काळातील बहुतेक मोठे फलंदाज उत्तेजक द्रव्ये घेत होते. डेल्गाडो स्वच्छ होता हे कशावरून?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : कोणीही शंभर टक्के स्वच्छ होता हे सिद्ध करणे कोणालाच शक्य नाही, आरोप झाला की नाही आणि त्याला पुरावा होता की नाही, एवढेच पाहता येते. मेजर लीगने नेमलेल्या माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांचा अहवाल डिसेंबर २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अनेक नामवंतांची नावे होती, डेल्गाडोचे नव्हते. बंदी घातलेल्या द्रव्यांच्या चाचणीत तो कधी दोषी ठरला नाही. २००४ पासून दंडासहित चाचण्या सुरू झाल्यावर अनेकांचे होमरन अचानक आटले. डेल्गाडोने २००५ मध्ये ३३, २००६ मध्ये ३८ आणि छत्तिसाव्या वर्षी पुन्हा ३८ मारले.

या काळाने त्याचे नुकसान मात्र निश्चित केले, आणि तेही दुहेरी. २००३ च्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारात तो अॅलेक्स रॉड्रिगेझच्या मागे दुसरा आला. रॉड्रिगेझने फेब्रुवारी २००९ मध्ये कबूल केले की २००१ ते २००३ या वर्षांत त्याने बंदी असलेली द्रव्ये घेतली होती. तो पुरस्कार डेल्गाडोच्या नावावर असता तर २०१५ मध्ये सात मतांसाठी तो अडला असता असे आम्हाला वाटत नाही. दुसरे नुकसान असे की ज्यांनी खेळ मलिन केला त्यांच्या आकड्यांपुढे त्याचे आकडे साधारण दिसले आणि ज्यांना त्या संपूर्ण पिढीचाच वीट आला होता त्यांनी त्यालाही त्याच टोपलीत टाकले.

प्रश्न : युद्धाला विरोध म्हणून तो गीताच्या वेळी उभा राहत नसे असे वाचले. त्याची शिक्षा त्याला मिळाली का?
— शिक्षिका, धाराशिव

उत्तर : आधी घटना. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेतील सामन्यांत सातव्या डावाच्या मध्यंतरात 'गॉड ब्लेस अमेरिका' हे गीत वाजवले जाऊ लागले. ते राष्ट्रगीत नव्हे. राष्ट्रगीत सामन्याच्या सुरुवातीला होते. २००४ च्या हंगामात डेल्गाडो या गीताच्या वेळी मैदानावर न थांबता डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकांच्या जागी, जाऊन बसू लागला. इराकवरील युद्ध त्याला मान्य नव्हते. त्याच्या या भूमिकेमागे त्याच्या मायभूमीचा अनुभव होता. पोर्तो रिकोलगतच्या व्हिएकेस या लहान बेटावर अमेरिकी नौदल सुमारे सहा दशके बॉम्बफेकीचा सराव करीत असे. एप्रिल १९९९ मध्ये नेम चुकलेल्या बॉम्बने तेथील एका नागरी सुरक्षारक्षकाचा जीव गेला, त्यानंतर मोठे आंदोलन उभे राहिले आणि मे २००३ मध्ये नौदलाला तेथून निघावे लागले. डेल्गाडो त्या आंदोलनाच्या बाजूने उघडपणे उभा होता. न्यू यॉर्कमध्ये प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. तो शांतपणे फलंदाजी करीत राहिला. २००६ मध्ये मेट्सकडे आल्यावर संघाचा नियम म्हणून तो उभा राहू लागला, यावर त्याच्या चाहत्यांपैकीही काहींनी नाराजी व्यक्त केली.

त्याच वर्षी त्याला रोबेर्तो क्लेमेंते पुरस्कार मिळाला. क्लेमेंते हा पोर्तो रिकोचाच महान खेळाडू. निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदतसाहित्य घेऊन निघालेले विमान ३१ डिसेंबर १९७२ रोजी समुद्रात कोसळले आणि त्यात तो गेला. भूकंपानंतर बाहेरून येणाऱ्या मदतीचे मोल धाराशिव आणि लातूरच्या वाचकांना आम्ही काय सांगावे! खेळाबरोबर समाजाचे काम करणाऱ्या खेळाडूला हा पुरस्कार दिला जातो आणि डेल्गाडोने आपल्या बेटावरील मुलांसाठी चालवलेल्या कामामुळे तो त्याला मिळाला. मेट्सकडे असताना त्याने पाठीवर क्लेमेंतेचाच २१ हा आकडा घेतला होता.

आता शिक्षेविषयी. त्याच्या भूमिकेमुळे मते गेली असे म्हणणारे आहेत, पण मतदाराच्या मनातले सिद्ध करता येत नाही आणि आम्हाला ते कारण फारसे पटतही नाही. हीच भूमिका त्याने विजेत्या यांकी संघात असताना घेतली असती तर ती रोज पहिल्या पानावर आली असती. टोरंटोत तो फलंदाज म्हणूनही अमेरिकेच्या नजरेआड होता आणि बंडखोर म्हणूनही.

प्रश्न : आमच्या पैठणच्या अंकित बावणेने महाराष्ट्राकडून इतक्या धावा करूनही त्याला भारतीय संघात स्थान मिळाले नाही. भाऊसाहेब निंबाळकरांचेही तेच झाले. डेल्गाडोची गोष्ट तशीच म्हणावी का?
— क्रिकेटप्रेमी वाचक, पैठण

उत्तर : आपली कळकळ आम्ही समजू शकतो, तरीही या गोष्टी एका रांगेत बसवू नयेत. भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांचा त्या वेळचा ४५२ चा विक्रम समोर दिसत असताना प्रतिस्पर्धी संघाने सामना सोडून दिला, आणि पुढे भाऊसाहेबांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. बावणे वयाच्या पंधराव्या वर्षापासून महाराष्ट्राकडून रणजी खेळत आला आणि मधल्या फळीचा आधार झाला, पण भारताची टोपी त्याच्यापर्यंत आली नाही. या दोघांना वरच्या दर्जाची संधी नाकारली गेली. त्यामुळे तेथे ते कसे खेळले असते हा प्रश्न कायम अनुत्तरित राहतो. डेल्गाडोला संधी मिळाली, पैसाही भरपूर मिळाला; २००० च्या हंगामानंतर त्याने चार वर्षांसाठी ६ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला होता. त्याच्या बाबतीत 'जर-तर' काही नाही, जे व्हायचे ते मैदानावर होऊन गेले आहे आणि नोंदलेले आहे. त्याची तक्रार एवढीच असू शकते की नोंद झालेल्याचे वजन नीट केले गेले नाही. निंबाळकरांवरील अन्याय याहून कितीतरी मोठा होता, असेच आम्ही म्हणू.

प्रश्न : आपण एकाच बाजूने लिहीत आहात असे वाटते. त्याच्या विरुद्ध काहीच नाही का?
— वकील, अंबाजोगाई

उत्तर : आहे, आणि त्यातील एक मुद्दा भक्कम आहे. फर्स्ट बेस ही क्षेत्ररक्षणातील तुलनेने सोपी जागा समजली जाते; तेथे उभ्या राहणाऱ्याने आपली किंमत बॅटनेच वसूल करावी अशी अपेक्षा असते. डेल्गाडोचे क्षेत्ररक्षण साधारण होते आणि धावण्यात तो मंद होता. फलंदाजी, क्षेत्ररक्षण आणि धावणे मिळून, कोणाही पर्यायी खेळाडूच्या तुलनेत संघाला किती विजय अधिक मिळवून दिले, याचे एक गणित मांडतात. त्यात डेल्गाडो सुमारे ४४ वर आहे. वर ज्या सहा जणांशी आम्ही त्याची तुलना केली त्यांपैकी फक्त बेन्स या गणितात त्याच्या मागे आहे. केवळ याच आकड्यावर निकाल द्यायचा तर डेल्गाडो बाहेर राहतो, हे मान्य केले पाहिजे.

निवडक उत्तम खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी तो केवळ २००० आणि २००३ अशी दोनदाच निवडला गेला, हा विरोधकांचा दुसरा मुद्दा आम्हाला कच्चा वाटतो. १९९९ मध्ये ४४ होमरन आणि १३४ धावा घडवूनही त्याला वगळले गेले होते. फ्रँक थॉमस, जिम थोमी, राफाएल पाल्मेरो, मो व्हॉन आणि जेसन जियाम्बी यांच्या गर्दीत एकाच जागेसाठी झगडावे लागणे हा काही त्याचा दोष नव्हे. ५०० होमरन पूर्ण झाले नाहीत हा तिसरा मुद्दा. २७ कमी पडले, खुब्याने साथ दिली असती तर एका हंगामाचे काम होते. परंतु येथे आम्हीच 'जर-तर'च्या वाटेला लागतो आहोत, तेव्हा तो मुद्दा सोडून देऊ.

आमचे मत विचाराल तर निर्देशांक १३८, सलग दहा हंगामांचे सातत्य आणि बाद फेरीत जेवढी संधी मिळाली तेवढीचे सोने करणे, या तीन गोष्टींवर आम्ही त्याला मत दिले असते. बॅगवेल किंवा थॉमस यांच्या पंक्तीत मात्र त्याला बसवले नसते.

प्रश्न : त्याला आता पुन्हा संधी आहे का? आणि दुसरा काही सन्मान मिळाला आहे का?
— एक वाचक, जालना

उत्तर : आहे. १९८० नंतरच्या खेळाडूंचा विचार करणारी समिती पुन्हा डिसेंबर २०२८ मध्ये बसेल. पाचपेक्षा कमी मते मिळालेल्या उमेदवाराला पुढच्या खेपेस यादीत घ्यायचे नाही, असा नियम आता झाला आहे. त्यामुळे या वेळी पाचपेक्षा कमी मते मिळालेले बाँड्स आणि क्लेमेन्स त्या वेळी नसतील, तर नऊ मते मिळवलेला डेल्गाडो पात्र असेल. समितीच्या प्रत्येक सदस्याला आठपैकी तीनच नावे निवडता येतात, म्हणून यादीत आणखी कोण येते यावर बरेच अवलंबून राहील. सन्मानांचे म्हणाल तर टोरंटोने २०१३ मध्ये आपल्या मैदानावर त्याचे नाव कोरले. ३३६ होमरन आणि १,०५८ घडवलेल्या धावा हे त्या संघाचे विक्रम आजही त्याच्या नावावर आहेत. कूपर्सटाउनच्या, म्हणजे अमेरिकेतील हॉल ऑफ फेमच्या, यादीतून ज्या वर्षी त्याचे नाव गळले त्याच २०१५ मध्ये कॅनडाच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमने त्याला आत घेतले.

प्रश्न : मी शाळेत मुलींच्या सॉफ्टबॉल संघाला शिकवतो. आमच्याकडे एक डावखुरी मुलगी जोरात मारते, पण प्रत्येक चेंडूवर बॅट फिरवते. डेल्गाडोच्या खेळातील काही तिला सांगता येईल का?
— शारीरिक शिक्षण शिक्षक, हिंगोली जिल्हा

उत्तर : सांगता येईल. डेल्गाडो उजव्या हाताने चेंडू फेकत असे आणि फलंदाजी डावखुरी करीत असे. त्याने १,७४५ वेळा स्ट्राइक-आउट होणे, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद होणे, पत्करले, तेव्हा बॅट जोरात फिरवणे त्याने कधी सोडले नाही, हे त्या मुलीला आधी सांगा म्हणजे ती घाबरणार नाही. त्याने शिकण्यासारखी केलेली गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक फलंदाजीनंतर तो डगआउटमध्ये बसून वहीत लिहीत असे : समोर कोणता पिचर होता, त्याने कोणत्या क्रमाने कोणते चेंडू टाकले, आपण कशावर फसलो. तोच पिचर पुन्हा समोर आला की वही उघडायची. अनेक वर्षांच्या अशा वह्या त्याच्याकडे साठल्या होत्या आणि त्याचे सहकारी त्यांची थट्टाही करीत.

शालेय सॉफ्टबॉलमध्ये बेसमधील अंतर साठ फूट असते, बेसबॉलप्रमाणे नव्वद नव्हे, आणि पिचरही जवळ असतो. त्यामुळे विचार करायला वेळ आणखी कमी मिळतो. म्हणून सुरुवातीला तिला फक्त दोन रकाने आखून द्यावेत, एकात सोडलेले चेंडू आणि दुसऱ्यात मारलेले, आणि प्रत्येकापुढे चेंडू कमरेच्या वर होता की खाली, आत होता की बाहेर, एवढेच लिहायला लावावे. आठ-दहा सामन्यांच्या नोंदी झाल्या की ती कोणत्या जागेवरच्या चेंडूवर उगाच बॅट फिरवते हे आपल्याला वेगळे सांगावे लागणार नाही. सामना चालू असताना मात्र वही तिच्याकडे न देता राखीव खेळाडूंपैकी एखादीकडे द्यावी, कारण पंचांना मध्येच थांबायला आवडत नाही.